सिलिकाचे कण, लिपिडचं पांघरूण आणि डीएनएचे सांधे : प्रकल्प नोंदी

हे काम हाती घेतलं तेव्हा कृती सांगणारे शोधनिबंध भरपूर मिळाले. पण काम कुठे बिघडतं आणि बिघडलेलं डोळ्यांना कसं दिसतं, ते कुणी लिहून ठेवलेलं सापडलं नाही. वहीतल्या नोंदी म्हणून इथे उतरवते आहे. चुका गाळलेल्या नाहीत, वाया गेलेले दिवसही गाळलेले नाहीत.

करायचं होतं ते असं. २ मायक्रॉन व्यासाचे सिलिकाचे गोल कण घ्यायचे आणि त्यांच्यावर लिपिडचा (पेशींच्या आवरणात असतात तशा स्निग्ध रेणूंचा) दुहेरी थर चढवायचा. त्या थरात डीएनएचे धागे कोलेस्टेरॉलच्या टोकाने रोवायचे. 'अ' कणांच्या धाग्यांची टोकं 'ब' कणांच्या टोकांना पूरक, म्हणजे अ आणि ब एकमेकांना धरतात, अ-अ किंवा ब-ब धरत नाहीत. डीएनए थेट घट्ट पृष्ठभागावर चिकटवला तर कण जिथे टेकतो तिथेच अडकतो आणि शेवटी आकार नसलेला गोळा होतो. लिपिडच्या थरात मात्र धागा तरंगत फिरतो, त्यामुळे जोडलेला कण दुसऱ्याच्या अंगावरून घरंगळत जागा बदलू शकतो. व्हॅन डर म्यूलन आणि लॉयनिसन यांनी २०१३ मध्ये हे करून दाखवलं आहे. मला तीन कणांची हलती साखळी हवी होती, मधे ब आणि दोन्ही हातांना अ.

४ जून

आधी हिशेब. २ मायक्रॉनचे १ मिलिग्रॅम सिलिका कण म्हणजे सुमारे १२ कोटी कण. त्यांचं एकूण क्षेत्रफळ १५ चौरस सेंटिमीटर भरतं. पीओपीसी या माझ्या लिपिडच्या एका रेणूला साधारण ०.६८ चौरस नॅनोमीटर जागा लागते आणि थर दुहेरी आहे. म्हणजे सगळे कण झाकायला ५ ते ६ मायक्रोग्रॅम लिपिड पुरतं. दसपट घ्यायचं ठरवलं, तरी ५०० मायक्रोग्रॅमच्या एका बाटलीत आठ-नऊ प्रयोग होतात. हा हिशेब आधी न करता मिलिग्रॅमच्या मापाने लिपिड वापरलं असतं तर सगळा साठा पहिल्याच आठवड्यात संपला असता.

चूक पहिल्याच दिवशी झाली. क्लोरोफॉर्ममधलं लिपिड प्लॅस्टिकच्या टिपने काढलं. टिप मऊ पडली, माप चुकलं, आणि प्लॅस्टिकमधून जे काही सुटलं असेल ते लिपिडमध्ये उतरलं. ती बाटली टाकून दिली. क्लोरोफॉर्मला फक्त काचेची सिरिंज.

५ जून

काचेच्या सिरिंजने पुन्हा माप घेतलं. पीओपीसी, त्यात ०.२ मोल टक्के ऱ्होडामिन (लाल चमकणारा रंग) जोडलेलं लिपिड, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसणार नाही. नायट्रोजनच्या झोताखाली बाटली फिरवत वाळवलं आणि मग दोन तास व्हॅक्यूममध्ये ठेवलं. तळाशी फिकट गुलाबी साय धरली. त्यावर बफर घातला (हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.४, मीठ ५० मिलिमोलर) आणि अर्धा तास व्होर्टेक्सवर हलवलं. दुधासारखं गढूळ पाणी झालं.

मग एक्स्ट्रूडर, म्हणजे दोन सिरिंजांमध्ये पडदा धरून लिपिड त्यातून आरपार ढकलायचं साधन. आधी १०० नॅनोमीटर छिद्रांचा पडदा, मग ५० चा, प्रत्येकातून २१ वेळा. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे शेवटचा माल पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेलं लिपिड त्यात मिसळत नाही. ५० च्या पडद्याला सातव्या फेरीत अंगठ्याखालचा जोर एकदम सुटला. मला वाटलं, आता नीट गाळलं जातंय. पलीकडचं पाणी बघितलं तर तसंच दुधाळ होतं. पडदा फाटला होता. आता अंगठ्याकडे लक्ष ठेवते: जोर हळूहळू कमी झाला तर ठीक, एका फटक्यात सुटला तर थांबून पडदा बदलायचा. नीट गाळलेलं पाणी जवळजवळ नितळ दिसतं, प्रकाशात धरलं की किंचित निळसर.

९ जून

कण आणि लिपिडचे बारीक फुगे एकत्र करून तासभर रोटेटरवर फिरवले. फुगे सिलिकावर आपटतात, फुटतात, पसरतात आणि एकमेकांना जुळून कणाभोवती अखंड थर धरतात, अशी अपेक्षा. मग उरलेलं लिपिड काढायला ३००० जी वर (गुरुत्वाच्या ३००० पट जोराने) पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज. तळाशी गाळ विटेसारखा घट्ट बसला. पिपेटने सुटेना, म्हणून सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या यंत्रात) धरला.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणाभोवती लाल कडं दिसलं, सुरेख, एकसारखं. मॅडमना फोटो पाठवला. थर झाला असं समजून पुढे गेले. या एका समजुतीत दोन आठवडे आणि डीएनएचा बराच साठा गेला.

१२ ते १७ जून

डीएनए घातला, अ आणि ब मिसळले. एक दिवस काहीच जुळलं नाही. दुसऱ्या दिवशी ओबडधोबड गोळे. त्यातले कण जिथे चिकटले तिथेच गोठलेले, तासभर बघूनही एकही सरकला नाही. डीएनएचं प्रमाण दुप्पट केलं, मग चौपट. गोळे मोठे झाले, एवढंच.

१९ जून

प्रयोगशाळेतल्या एका दादांनी विचारलं, "फ्रॅप केलंस का?" केलं नव्हतं. कडं चमकतंय म्हणजे थर आहे असं मी धरून चालले होते. ते म्हणाले, "चमक तर न फुटलेल्या फुग्यांनाही असते."

फ्रॅप म्हणजे लेझरने कड्याचा एक भाग फिका करायचा आणि तो पुन्हा उजळतो का ते बघायचं. थर वाहता असेल तर शेजारचे चमकते रेणू तिकडे सरकतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर बसलो. बहुतेक कणांवर फिका भाग फिकाच राहिला, पाच मिनिटांनंतरही कडा धारदार. म्हणजे फुगे चिकटले होते पण पसरलेच नव्हते, किंवा सोनिकेटरने थराचे तुकडे केले होते. माझे गोठलेले गोळे त्यामुळेच. धागे सरकायला खाली वाहता थर नव्हता.

या मापनात माझीच आणखी एक चूक होती, ती चार दिवसांनी कळली. काही कणांवर अर्धा भाग फिका करायला गेले तर आख्खा कण फिका पडला. लेझरचा नेम चुकला म्हणून ते कण 'नापास' मध्ये टाकले. ते खरं तर उत्तीर्ण होते. मी झोत तीन सेकंद देत होते. १ मायक्रॉन त्रिज्येच्या कणावर, रेणूंचा विसरण गुणांक (ते किती भरभर पसरतात याचं माप) सेकंदाला १ चौरस मायक्रॉनच्या आसपास असेल, तर चमक सगळीकडे सारखी व्हायला अर्धा सेकंद पुरतो. तीन सेकंदांत दुसऱ्या बाजूचे रेणूही वाहत झोताखाली येतात आणि विझतात. झोत ०.२ सेकंदावर आणला तेव्हा खरं चित्र दिसलं.

नीट थर असलेला कण असा दिसतो. डावी बाजू काळी पडते. क्षणभराने ती भरायला लागते आणि त्याच वेळी उजवी बाजू मंद होत जाते. दोन्ही बाजू मधल्या कुठल्यातरी उजेडावर एकत्र येऊन थांबतात. पूर्वीची चमक कधीच परत येत नाही, कारण कण म्हणजे बंद भांडं, बाहेरून नवे चमकते रेणू येणार कुठून? काचेवरच्या सपाट थरात जवळजवळ पूर्ण चमक परतते. ते डोक्यात ठेवून मी निम्म्यावर थांबलेले कणही बाद केले होते. आता मी न विझवलेल्या बाजूकडेच बघते. ती मंद झाली की थर वाहता आहे.

२३ जून

मग फुगे पसरत का नाहीत? संशय सिलिकाच्या पृष्ठभागावर. कण बरेच महिने बाटलीत पडून होते. अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी १:१:५ या प्रमाणात, ७० अंशांवर दहा मिनिटं. हे फ्यूम हूडमध्येच करायचं, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू साठतो. मग शुद्ध पाण्याने पीएच पाण्याइतका होईपर्यंत धुवायचं. मला सहा वेळा धुवावं लागलं.

धुतलेले कण त्याच दिवशी वापरले आणि फ्रॅप केलं. पहिल्यांदाच एका दृष्टिक्षेत्रातले बहुतेक कण वाहते निघाले. त्याच कणांपैकी थोडे पाण्यात आठवडाभर ठेवून ३० तारखेला पुन्हा बघितले, तर वाहत्या कणांची संख्या स्पष्ट घटली होती. सफाई आणि थर चढवणं एकाच दिवशी, हा आता नियम.

२७ जून

थर चढला, पण कण एकमेकांना चिकटायला लागले, डीएनए नसताना. ५० मिलिमोलर मिठात विद्युत प्रतिकर्षण सव्वा-दीड नॅनोमीटरच्या आत विरून जातं. उघड्या सिलिकाचे कण एकमेकांना दूर ठेवतात, पण पीओपीसीचा थर स्वतः विद्युतभार नसलेला असतो, त्यामुळे कण जवळ येतात आणि जवळ आले की सुटत नाहीत. मीठ काढून टाकता येत नाही. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर ऋण भार असतो, आणि मीठ नसलं तर ते एकमेकांना धरत नाहीत.

उपाय म्हणजे पीईजी-२००० या पॉलिमरची शेपूट लावलेलं लिपिड. शेपट्या बाहेर लोंबतात आणि कणांना अंतरावर ठेवतात. २ टक्क्यांवर गुठळ्या कमी झाल्या, ५ टक्क्यांवर जवळजवळ गेल्या. उत्साहात १० टक्के केलं. गुठळी एकही नाही, कडी लालभडक, आणि फ्रॅपमध्ये सगळं मेलेलं. शेपट्यांची दाटी इतकी झाली की फुगे सिलिकाला भिडून फुटेनातच. फ्रॅपची सवय लागली नसती तर पुन्हा त्याच खड्ड्यात गेले असते. माझ्या कणांसाठी ५ टक्के कायम केलं.

२ जुलै

धुण्याची पद्धत बदलली. या कणांना जोरात फिरवायची गरजच नाही. पाण्यात ते आपोआप सेकंदाला सुमारे २ मायक्रॉन वेगाने खाली बसतात, म्हणजे १ सेंटिमीटर उतरायला दीड तासाच्या आत. घाई असेल तर १०० जी वर एक मिनिट भरपूर आहे. गाळ सैल बसतो आणि पिपेटने दोनदा हलवला की सुटतो. सोनिकेटर बंद.

दुसरी गोष्ट, गाळ कधीही उघडा पाडायचा नाही. वरचं सगळं पाणी काढून कण हवेला लागले की लिपिडचा थर पाण्याच्या पृष्ठभागावर खेचला जातो. बफर नेहमी ५० मायक्रोलिटर तरी मागे ठेवायचा. पिपेटने बुडबुडे काढणंही याच कारणाने टाळायचं. मी एकदा नीट जमलेला नमुना फेसाळ केला आणि त्यातले जवळजवळ निम्मे कण टक्कल पडल्यासारखे झाले, कड्यात जागोजागी काळी खिंडारं.

७ जुलै

कण तळाच्या काचेला चिकटतात. नुसते चिकटत नाहीत, त्यांचं लिपिड काचेवर ओघळतं. चिकटलेल्या कणाभोवती काचेवर अंधुक लाल डाग पसरतो आणि कणाचं कडं तेवढंच फिकं होत जातं. प्रथिनाचा लेप देऊन बघितला (बीएसए). तासभर टिकला, मग पुन्हा तेच. शेवटी काचेला सायलेन लावून तिच्यावर पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे ब्रश, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांची दाट लव, वाढवले. दोन दिवस गेले, पण त्यानंतर कण काचेवर मोकळे तरंगायला लागले. हे आधीच करायला हवं होतं. बीएसएच्या नादात चार दिवस घालवू नका.

१० जुलै

पुन्हा डीएनए, पण या वेळी वाहता थर तपासूनच.

कोलेस्टेरॉल लावलेले धागे पाण्यात एकमेकांना धरून गोळे करतात आणि प्लॅस्टिकच्या नळीलाही चिकटतात. वापरण्याआधी ७० अंशांवर दहा मिनिटं तापवायचे. नाहीतर नळीवर लिहिलेलं प्रमाण एक आणि कणांवर पोचलेलं दुसरंच.

पहिल्या खेपेला एकाच कोलेस्टेरॉलचा धागा वापरला. अ कण हिरवे, ब लाल. संध्याकाळी हिरव्या-लाल जोड्या दिसल्या आणि आनंदाने झोपले. सकाळी हिरव्याला हिरवा आणि लालला लाल चिकटलेला. एका कोलेस्टेरॉलची पकड लिपिडमध्ये पक्की नसते. धागे थरातून सुटतात, पाण्यातून दुसऱ्या कणावर जाऊन बसतात, आणि रात्रभरात प्रत्येक कणावर दोन्ही प्रकारची टोकं होतात. फायफर आणि हूक यांनी २००४ मध्येच दुहेरी कोलेस्टेरॉलची जोडणी सुचवली होती. दोन पूरक धागे, दोघांच्या एकेका टोकाला कोलेस्टेरॉल, ते जुळून एक खांब होतो आणि दोन पायांवर थरात उभा राहतो. वर फक्त चिकट टोक मोकळं. ही जोडी वापरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही हिरव्याला हिरवा चिकटला नव्हता.

१३ जुलै

प्रमाण. १ मिलिग्रॅम कणांना १० पिकोमोल डीएनए घातला होता. हिशेबाने एका कणावर सुमारे ५०,००० धागे, चौरस मायक्रॉनला ४००० च्या घरात. कण जुळले, पण सांधा ताठ. कारण पटायला वेळ लागला. धागे वाहते असल्यामुळे ते सगळे संपर्काच्या जागी गोळा होतात, तिथे दाट ठिगळ तयार होतं, आणि कण सरकायचा म्हणजे ते आख्खं ठिगळ ओढत न्यायचं. प्रमाण दहापट उतरवून १ पिकोमोल केलं. जुळायला वेळ जास्त लागला, दहा मिनिटांऐवजी तास-दीड तास. पण सांधे सैल झाले.

जूनमध्ये काही जुळत नव्हतं तेव्हा मी प्रमाण वाढवत गेले होते. थर ठीक असता तरीही ती दिशा उलटीच होती.

१५ जुलै

आज साखळी दिसली.

ब थोडे, अ जास्त, आणि सगळंच विरळ. हे कण इतके जड आहेत की तळापासून जेमतेम ०.१ मायक्रॉन वर तरंगतात, त्यामुळे सगळा खेळ एका पातळीत होतो आणि बघायला सोपा जातो. लाल ब च्या एका बाजूला हिरवा अ, चाळीस मिनिटांनी दुसऱ्या बाजूला आणखी एक. पाच सेकंदाला एक फोटो लावून ठेवला होता, पण मी पडद्यावरून नजर काढलीच नाही. तिन्ही कण आधी जवळजवळ एका रेषेत होते. मग उजवा हिरवा हळूहळू लालच्या अंगावरून वर चढायला लागला, थबकला, थोडा मागे आला, पुन्हा चढला. कोन ९० च्या खाली गेला आणि शेवटी दोन्ही हिरवे एकमेकांना टेकले, ६० अंश. इथे मी श्वास धरला होता, कारण ते चिकटले असते तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा फोटो ते तसेच टेकलेले. मग सुटले आणि साखळी परत उघडली. दादांना हाक मारली. ते उभ्याउभ्या दहा मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "अजून वीस मोज, मग बोलू."

मोजल्या. २२ साखळ्यांपैकी १५ हलत होत्या. ताठ राहिलेल्या सातांपैकी पाचांत मधल्या किंवा कडेच्या एका कणाचं कडं तुटक होतं. उरलेल्या दोनांचं कारण दिसलं नाही.

१८ जुलै

जोड डीएनएचीच आहे ना, की मिठाने घडवलेली? कॅपिलरी (नमुना भरलेली बारीक काचेची नळी) हळूहळू तापवली. ४५ अंशांच्या आसपास साखळ्या सुटायला लागल्या, ५० पर्यंत बहुतेक कण एकटे. थंड केल्यावर पुन्हा जुळले. न सुटलेले चार गोळे दिसले, ते मिठाचे समजून सगळ्या मोजणीतून काढले. तापवताना कॅपिलरीत बुडबुडा धरतो आणि कण ढकलत नेतो. बफर आधी व्हॅक्यूमखाली ठेवून त्यातली हवा काढली की हा त्रास जातो. पहिल्या दोन कॅपिलरी या बुडबुड्यांनी घालवल्या.

२२ जुलै

टिकाऊपणा. थर चढवलेले कण फ्रिजमध्ये ठेवून रोज फ्रॅप केलं. दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी कडी तुटायला लागली, पाचव्या दिवशी वापरण्याजोगं काही नाही. त्यामुळे सोमवारी सफाई आणि थर, मंगळवारी डीएनए आणि मोजणी, बुधवारी उरलेलं टाकून द्यायचं. एका आठवड्यात एकच तुकडी नीट होते. आधी मी तीन ओढायला बघत होते आणि तिन्ही अर्धवट राहत होत्या.

२८ जुलै

पुढचं काम वेगवेगळ्या आकाराच्या कणांचं. मधल्या लहान कणाभोवती मोठे कण बसवायचे. मोठ्या-लहानांचं गुणोत्तर २.४१, म्हणजे १ अधिक २ चं वर्गमूळ, याच्या जवळ असेल तर कण कुठेही चिकटले तरी मधल्याभोवती जवळजवळ नेहमी चारच मावतात, हे शाडे, मनोहरन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं. त्यांचे कण चिकटले की जागेवर राहायचे. माझे सरकतात. ते चार जण आपापसात जागा कशी वाटून घेतात, ते मला बघायचं आहे.

लहान कण आज आले. पृष्ठभाग कसा आहे माहीत नाही. अमोनियाने धुऊन, ५ टक्के पीईजीचा थर चढवून रोटेटरवर लावलेत. उद्या सकाळी फ्रॅप. डीएनएची नळी तोवर फ्रीझरमधून बाहेर काढणार नाही.